आठ बिटी मशीनचा इम्युलेटर लावला की लॅपटॉपचा पंखा का किंचाळतो?

फ्लॉपीवाला

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज गरज पडली म्हणून धागा काढतोय.

लॅपटॉप आय-५, आठवी पिढी, चार कोअर, आठ थ्रेड (म्हणजे एका वेळी आठ कामं पेलणारा). लिनक्स मिंट आणि विंडोज १० दोन्ही टाकलेत. त्यावर जुन्या काळातल्या दोनच गोष्टी इम्युलेटरने (जुन्या मशीनची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमने) चालतात. एक म्हणजे जुन्या डॉससाठी डॉसबॉक्स. त्यात वडिलांचा फॉक्सप्रो २.६ मधला उधारी-वसुलीचा प्रोग्रॅम आहे (दुकान बंद झालं, पण जुन्या नोंदी अधूनमधून बघाव्या लागतात) आणि चिरंजीवांसाठी डेंजरस डेव्ह हा गेम. दुसरं, कमोडोर ६४ या जुन्या आठ बिटी संगणकासाठी व्हाइस, तो माझ्या हौसेखातर.

तक्रार अशी की यातलं काहीही उघडलं की पाचेक मिनिटांत पंखा सुरू. मिंटमध्ये टॉप (प्रोसेसरवरचा भार दाखवणारी कमांड) लावून बघितलं तर डॉसबॉक्स १०० टक्के दाखवतो आणि व्हाइस चक्क २६० च्या आसपास! विंडोजमध्ये टास्क मॅनेजर त्याच डॉसबॉक्सला १३ टक्के म्हणतो, पंखा मात्र तितकाच ओरडतो.

कमोडोरचा मूळ प्रोसेसर एक मेगाहर्ट्झचासुद्धा नव्हता. माझा त्याच्या हजारो पट वेगवान. मग हा एवढा तापतोय कशापायी? कुणी जाणकार सांगेल का?

कट्ट्यावरचा

कशाला एवढा खटाटोप? इंटरनेट आर्काइव्हवर डॉसचे शेकडो गेम ब्राउझरमध्येच चालतात. टॅब उघडा, खेळा, बंद करा.

अण्णा_६५०२

@कट्ट्यावरचा, तिथे आतून डॉसबॉक्सच चालतो, फक्त ब्राउझरला समजेल अशा रूपात बदलून घेतलेला. म्हणजे इम्युलेटरचं ओझं आहेच, वर ब्राउझरचं. पंखा उलट लवकर लागेल. आणि वडिलांच्या उधारीच्या वह्या तिथे कुठे चढवणार?

@फ्लॉपीवाला, आधी आकड्यांचा घोळ मिटवू. लिनक्समधला टॉप एका थ्रेडला १०० धरतो. तुमचे आठ थ्रेड म्हणजे त्याच्या हिशेबाने एकूण ८००. विंडोजचा टास्क मॅनेजर आठही मिळून १०० धरतो, म्हणून एक थ्रेड पूर्ण भरला की तो साडेबारा दाखवणार. तुमचे १०० आणि १३ हे एकच आहेत. "विंडोजमध्ये तर फक्त १३ टक्केच लागतात" म्हणून निवांत बसणारे खूप लोक बघितलेत. एक कोअर पूर्ण ताकदीने पळत असेल तर पंखा लागणारच.

आता एक सांगा. डेव्ह खेळताना पंखा लागतो की फॉक्सप्रो उघडल्यावर?

फ्लॉपीवाला

अण्णा, तुम्ही विचारलंत म्हणून मुद्दाम तपासलं. डेव्ह चालू असताना टॉपमध्ये १५-२० च्या वर जात नाही. फॉक्सप्रो उघडला की थेट १००. आणि त्यात मी काही करतही नसतो! नुसता मेनू उघडा आहे, कर्सर लुकलुकतोय.

अण्णा_६५०२

वाटलंच होतं. यात दोन गोष्टी एकमेकींत अडकल्या आहेत.

पहिली डॉसबॉक्सची. त्याच्या कॉन्फिग फाइलमध्ये 'सायकल्स' नावाची ओळ असते. सायकल्स म्हणजे एका मिलिसेकंदात किती सूचना चालवायच्या तो आकडा. ३००० असेल तर डॉसबॉक्स दर मिलिसेकंदाला तीन हजार सूचना उरकतो आणि उरलेला वेळ झोपतो. तुमच्या लॅपटॉपला तीन हजार म्हणजे काहीच नाही, म्हणून डेव्ह खेळताना सगळं शांत. पण तिथे मुळात 'ऑटो' लिहिलेलं असतं. ऑटोचा अर्थ असा की साध्या रिअल मोडमधला (मूळ डॉसच्या पद्धतीचा) प्रोग्रॅम असेल तर ३०००, आणि प्रोटेक्टेड मोडमध्ये (जास्त मेमरी वापरता येणाऱ्या पद्धतीत) गेला की 'मॅक्स', म्हणजे जमेल तितकं पळ. फॉक्सप्रोची एक्स्टेंडेड आवृत्ती प्रोटेक्टेड मोडमध्ये जाते. तेव्हापासून डॉसबॉक्स झोपतच नाही.

दुसरी गोष्ट डॉसच्या काळाची. एका मशीनवर एकच प्रोग्रॅम, प्रोसेसर पूर्णपणे त्याच्या मालकीचा. काम नसेल तर प्रोसेसरला थांबवावं हे कुणाच्या डोक्यातच नव्हतं, कारण थांबवून वाचलेला वेळ द्यायचा कुणाला? थांबायची सूचना, म्हणजे हॉल्ट, ८०८६ मध्ये पहिल्यापासून होती. पण बहुतेक प्रोग्रॅम कळ दाबली का, कळ दाबली का, असं सेकंदाला लाखो वेळा विचारत बसायचे. तुमचा लुकलुकणारा कर्सर तेच करतोय. ॲपल टू त्याहून वाईट. तिथे कीबोर्डचा एक ठरलेला पत्ता असतो, प्रोग्रॅम तो वाचत राहतो, वरचा बिट एक झाला का एवढंच बघत. इम्युलेटरला बाहेरून कळणार कसं की हे काम चाललंय की नुसती वाट बघणं? त्याच्या दृष्टीने दोन्ही सारखंच.

पुढे लॅपटॉप आले, बॅटरीची फिकीर सुरू झाली, तेव्हा मायक्रोसॉफ्टने डॉसबरोबर पॉवर नावाचा छोटा प्रोग्रॅम द्यायला सुरुवात केली. म्हणजे तुमची आजची तक्रार तेव्हाच्या लॅपटॉपवाल्यांचीही होती.

उपाय: सायकल्सच्या ओळीत ऑटो काढून 'फिक्स्ड २००००' लिहा (फाइलीत अर्थातच इंग्रजीत). हा अंदाजे ४८६ चा वेग झाला, उधारीच्या नोंदी चाळायला भरपूर. रिपोर्ट काढताना कमी वाटला तर चालू असतानाच कंट्रोल-एफ१२ ने वाढवा, काम झालं की कंट्रोल-एफ११ ने कमी करा.

सुलभाताई

मी बँकेत असताना फॉक्सप्रो आणि डीबेस या डेटाबेस प्रोग्रॅमवर बरंच काम केलंय, म्हणून न राहवून लिहिते. डॉसबॉक्स हा खेळांसाठी बनवलेला आहे, त्याचे कर्तेच तसं सांगतात. नुसत्या नोंदी बघायला ठीक. पण त्यात नवीन नोंदी करत असाल तर डीबीएफ फाइलींची (ज्यात नोंदी असतात त्यांची) प्रत आधी बाजूला काढून ठेवा. इंडेक्स (नोंदी शोधायची सूची) बिघडला की निस्तरणं जिकिरीचं होतं.

एक विचारू का? नोंदींमध्ये नावं मराठीत आहेत का? असली तर तुम्हाला ती वेडीवाकडी चिन्हं दिसत असतील.

फ्लॉपीवाला

ताई, हो! ग्राहकांची नावं सगळी चित्रविचित्र दिसतात. मला वाटलं फाइलच खराब झाली.

सुलभाताई

फाइल धडधाकट असणार. त्या काळी सी-डॅकचं जिस्ट कार्ड मिळायचं, मशीनच्या स्लॉटमध्ये बसवायचं. प्रोग्रॅमला ठाऊकही नसायचं की आपण मराठी दाखवतोय. तो आपला बाइट पडद्याकडे पाठवायचा, अक्षर काढायचं काम कार्डचं. बाइट इस्की या भारतीय लिप्यांच्या संकेताप्रमाणे असायचे, पुढे आयएस १३१९४:१९९१ म्हणून त्याचं मानक झालं. डॉसबॉक्समध्ये ते कार्ड नाही, त्यामुळे त्याच बाइटांच्या जागी आयबीएमच्या चौकटी आणि ग्रीक अक्षरं दिसतात. युनिकोडमधला देवनागरीचा तक्ता इस्कीवरूनच बेतलेला आहे, त्यामुळे डीबीएफमधलं नावाचं खानं बाहेर काढून बदलणं फार अवघड नाही. घरात कुणी पायथन लिहिणारं असेल तर त्याला कामाला लावा.

मुक्ता_डी

मला तर ते २६० टक्के खटकतंय. फॉक्सप्रोचं कोडं सुटलं, पण व्हाइसचं कारण ते नाही.

हिशेब करून बघा. पॅल (आपल्याकडच्या टीव्हीच्या पद्धतीच्या) कमोडोरची घड्याळगती ०.९८५ मेगाहर्ट्झ. तीन गिगाहर्ट्झचा एक कोअर धरला तर कमोडोरच्या एका ठोक्यामागे आपल्याकडे तीन हजार ठोके आहेत. व्हाइसला अचूक नक्कल करायला एवढे पुरून उरतात. त्यातही मुख्य काम एकाच थ्रेडवर चालतं. मग अडीच कोअर कोण खातंय? इम्युलेशन नक्कीच नाही. माझा संशय पडद्यावर आहे.

टर्मिनलमध्ये ग्लेक्सइन्फो -बी चालवा (नसेल तर मेसा-युटिल्स टाका) आणि रेंडररच्या ओळीत (चित्र कोण रंगवतंय ते) काय येतं ते इथे द्या.

फ्लॉपीवाला

ताई, तिथे 'एलएलव्हीएम-पाइप' असं काहीतरी आलंय. इंटेलचं नाव कुठेच नाही.

मुक्ता_डी

सापडला चोर.

तुमचा ग्राफिक्स चिप कामच करत नाहीये. चित्र मोठं करणं, त्याच्यावर जुन्या टीव्हीसारख्या रेघा ओढणं, खिडकी रंगवणं हे सगळं प्रोसेसर करतोय, आणि एलएलव्हीएम-पाइप हाताला लागतील तितके थ्रेड त्याला जुंपतो. कमोडोरचं मूळ चित्र ३२० बाय २००, पण तुम्ही ते फुल स्क्रीनवर ताणत असाल तर सेकंदाला ५० वेळा वीस लाख पिक्सेल हाताने रंगवायचे झाले. त्यातून व्हाइसमध्ये सीआरटी फिल्टर (त्याच जुन्या टीव्हीच्या रेघा) लावलेला असेल तर बघायलाच नको.

आता कॅट करून /प्रॉक/सीएमडीलाइन फाइल बघा. त्यात 'नोमोडसेट' दिसतंय का?

फ्लॉपीवाला

आहे की! शेवटी 'क्वाएट स्प्लॅश नोमोडसेट'. मिंट टाकून देणाऱ्याने "स्क्रीन काळी येत होती म्हणून एक सेटिंग केलंय" असं म्हटल्याचं आठवतं.

मुक्ता_डी

तेच ते. इन्स्टॉल करताना स्क्रीन काळी आली तर तात्पुरतं नोमोडसेट देतात, ते ठीक. पण नंतर काढायचं असतं. ते असेल तर कर्नल (लिनक्सचा गाभा) इंटेलचा ड्रायव्हर सुरूच करत नाही.

/इटीसी/डिफॉल्ट/ग्रब फाइलमधून तेवढा शब्द काढा, सुडो अपडेट-ग्रब चालवा, मशीन परत सुरू करा. स्क्रीन काळी आलीच तर बूटच्या वेळी ग्रबच्या (सिस्टिम सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमच्या) मेनूत 'ई' दाबून तो शब्द तेवढ्यापुरता परत लिहिता येतो, घाबरू नका.

पायवाले_काका

माझ्याकडे व्हाइस रास्पबेरी पाय ३ या चिमुकल्या संगणकावर आहे. तिथे एवढी श्रीमंती नाही, त्यामुळे काय काय जड जातं ते मला तोंडपाठ झालंय. ग्राफिक्स सुधारल्यावरही लोड जास्त वाटला तर हे बघा.

सगळ्यात महाग आवाज. कमोडोरच्या सिड या आवाजाच्या चिपची नक्कल करायला व्हाइसमध्ये रीसिड आहे. तो चिपचा प्रत्येक ठोका मोजतो, म्हणजे सेकंदाला जवळपास दहा लाख पायऱ्या, आणि मग त्यातून ४४१०० किंवा ४८००० नमुने काढतो. रीसिडमध्ये 'रीसॅम्पलिंग' पद्धत निवडली असेल तर ती 'फास्ट' करा. कान फार तिखट नसतील तर फरक जाणवत नाही. पायवर तेही झेपेना तर फास्टसिड.

त्यानंतर कमोडोरचा डिस्क ड्राइव्ह. १५४१ हा नुसता ड्राइव्ह नव्हता हो, त्याच्या पोटात स्वतःचा ६५०२ प्रोसेसर आणि दोन व्हीआयए (जोडणी सांभाळणाऱ्या) चिप होत्या. 'ट्रू ड्राइव्ह' चालू ठेवलं की व्हाइस दोन संगणकांची नक्कल करतो. बंद केलं तर लोड कमी होतो, पण फास्टलोडर (लवकर लोड व्हायची युक्ती) वापरणारे बरेच गेम लोडच होत नाहीत. मी चालूच ठेवतो.

पाय गरम झाला की ८० अंशांच्या आसपास स्वतःच वेग कमी करतो, आणि आवाज तुटायला लागतो. लोक समजतात इम्युलेटर वाईट. हीटसिंक लावा.

वऱ्हाडी_बाइट

माह्यं रडगानं येगळंच हाय. ८६बॉक्समधी (जुन्या पीसीच्या इम्युलेटरमधी) पेंटियम २०० एमएमएक्स आन् वूडू ग्राफिक्स कार्ड लावलं. टायटल बारवर ६५-७० टक्के वेग दाखवते, आवाज फाटते. माह्या मशीनले आठ कोअर हायेत ना बावा! त्यातला एक घाम गाळून रायला आन् बाकीचे सात बसून हायेत. त्यायले कामाले काऊन नाही लावत?

अण्णा_६५०२

@वऱ्हाडी_बाइट, प्रश्न रास्त आहे. हा सगळ्यांनाच पडतो.

कमोडोरचंच उदाहरण घेतो, छोटं आहे म्हणून. त्यातली व्हीआयसी-टू ही चित्राची चिप आणि प्रोसेसर एकच मेमरी वाटून वापरतात, एका ठोक्याचा अर्धा भाग याचा, अर्धा त्याचा. पण दर आठव्या ओळीवर चित्रासाठी अक्षरांचे कोड उचलायचे असतात, तेव्हा व्हीआयसी प्रोसेसरला ४० हून जास्त ठोके सरळ थांबवून ठेवते. प्रोग्रॅमर लोकांनी याचाच फायदा घेऊन नको त्या करामती केल्या. बॉर्डरमध्ये चित्रं काढली, ओळीच्या मध्यावर रंग बदलले. एका ठोक्याची चूक झाली की चित्र थरथरतं. ओळीला ६३ ठोके, ३१२ ओळी, म्हणजे एका चित्राला १९६५६ ठोके, आणि प्रत्येक ठोक्याला दोन्ही चिपना एकमेकींची स्थिती माहीत हवी.

आता समजा तुम्ही व्हीआयसी एका कोअरवर आणि प्रोसेसर दुसऱ्या कोअरवर ठेवला. सेकंदाला दहा लाख वेळा त्यांनी एकमेकांसाठी थांबायचं. दोन कोअरमधला निरोप जायला-यायला जो वेळ लागतो त्यात एका कोअरने दोघांचं काम केव्हाच आटोपलेलं असतं. म्हणून वाटून फायदा नाही. एका कोअरचा वेग हाच खरा.

जिथे दोघांना क्षणोक्षणी बोलावं लागत नाही तिथे वाटणी जमते. तुमचं वूडू त्यातलंच. त्याला त्रिकोणांची यादी मिळाली की ते आपलं रंगवत बसतं. ८६बॉक्सच्या वूडूच्या सेटिंगमध्ये रेंडर थ्रेडची संख्या असते, ती वाढवा. डायनॅमिक रीकंपायलर (जुन्या प्रोसेसरच्या सूचना आपल्या प्रोसेसरच्या भाषेत बदलणारा) चालू आहे ना ते बघा. तरी शंभरच्या खालीच राहिलं तर प्रोसेसर खालचा निवडा, पेंटियम १३३ वगैरे. ८६बॉक्स डॉसबॉक्ससारखा हात आखडता घेत नाही. २०० मेगाहर्ट्झचं यंत्र मांडलं म्हणजे त्याला तेवढं काम करावंच लागतं, नाहीतर त्या यंत्राचा वेळच हळू धावतो. आवाज फाटतो तो त्यामुळे.

कट्ट्यावरचा

म्हणजे मशीन जितकं जुनं तितकं हलकं, असा सरळ नियम.

अण्णा_६५०२

तसंही नाही. मेम या आर्केड गेमच्या इम्युलेटरवर १९७२ चा पाँग लावून बघा. त्यात प्रोसेसरच नाही, सगळा खेळ सुट्या लॉजिक चिपांच्या जोडणीतून चालतो. मेम त्या जोडणीचीच नक्कल करतो, कोणत्या तारेवर कधी शून्य, कधी एक. झेड-८० प्रोसेसरवर चालणारा, दहा वर्षांनी नवा गेम त्याच्यापेक्षा कितीतरी हलका जातो. नक्कल किती खोलात जाऊन करायची यावर भार ठरतो, वयावर नाही. व्हिज्युअल ६५०२ प्रकल्पात तर ६५०२ चे सुमारे साडेतीन हजार ट्रान्झिस्टर एकेक करून चालवलेत. बघायला सुरेख, गेम खेळायला अजिबात उपयोग नाही.

बाणेरकर

विंडोजवाल्यांसाठी दोन गोष्टी, कारण इथे सगळे लिनक्सचेच दिसतात.

एक, विंडोजमध्ये झोपायचा मूळ हिशेब १५.६ मिलिसेकंदांचा असतो. इम्युलेटरने "मला एक मिलिसेकंद झोपू दे" म्हटलं तरी पंधराने उठवतील अशी भीती. पॅल मशीनचं एक चित्र २० मिलिसेकंदांचं. वेळेवर जाग आली नाही तर चित्र आणि आवाज दोन्ही अडखळणार. म्हणून काही जुने इम्युलेटर झोपतच नाहीत, घड्याळाकडे डोळे लावून गोल गोल फिरत राहतात. हातात काम नाही, तरी कोअर १००. नवे इम्युलेटर विंडोजकडून एक मिलिसेकंदाचा टायमर मागून घेतात. तुमचा इम्युलेटर दहा-पंधरा वर्षं जुना असेल तर आधी नवी आवृत्ती टाका, बाकीचं नंतर.

दोन, व्हर्च्युअलबॉक्समध्ये (संगणकाच्या आत दुसरा संगणक चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) विंडोज ९८ चालवणारे. विंडोज ९५ आणि ९८ रिकामं असताना हॉल्ट देत नाहीत, विंडोज एनटी देतं. म्हणून ९८ नुसतं डेस्कटॉप दाखवत बसलं तरी तुमचा एक कोअर जळतो. त्या काळी रेन, वॉटरफॉल नावाची छोटी साधनं होती, प्रोसेसर थंड ठेवायला लोक वापरायचे. तीच आज ९८ च्या आत टाकली की बाहेरचा लोड खाली येतो. फ्रीडॉस (डॉसचा मोफत अवतार) असेल तर तसंच एफडीएपीएम आहे, ऑटोएक्झेकमध्ये (सुरू होताना चालणाऱ्या फाइलीत) 'एफडीएपीएम एपीएमडॉस' अशी ओळ लिहा.

फ्लॉपीवाला

मंडळी, नोमोडसेट काढलं. स्क्रीन काळी वगैरे काही आली नाही, ग्लेक्सइन्फोत आता इंटेल दिसतंय. व्हाइस २६० वरून २५ च्या आसपास आला. डॉसबॉक्सला फिक्स्ड २०००० दिलं, फॉक्सप्रोचा मेनू उघडा असताना ३० च्या घरात. मुक्ताताई, अण्णा, पार्टी लागू!

एकच राहिलं. नोंदींचा रिपोर्ट काढताना २०००० कमी पडतो, आणि दरवेळी एफ१२ दाबत बसायचा कंटाळा येतो. काम असेल तेव्हा पळ आणि नसेल तेव्हा झोप, असं आपोआप होणार नाही का?

मुक्ता_डी

होईल, पण डॉसबॉक्समध्ये नाही. लिनक्सवर डॉसइमू-२ हा दुसरा डॉस इम्युलेटर टाकून बघा. प्रोग्रॅम कीबोर्डला फार वेळा विचारायला लागला की तो ओळखतो आणि मधेमधे स्वतःच थांबतो. कॉन्फिगमध्ये 'हॉगथ्रेशोल्ड' म्हणून ओळ आहे, तिथला आकडा बदलून किती लवकर थांबायचं ते ठरवता येतं. फॉक्सप्रोसारख्या कामाच्या प्रोग्रॅमला तो डॉसबॉक्सपेक्षा बराच बरा. विंडोजवर हेच काम व्हीडॉस करतो, पण त्यात गेम चालवायची अपेक्षा ठेवू नका. डेव्हसाठी डॉसबॉक्स राहू दे.

सुलभाताई

आणि डॉसइमूला डीबीएफचा फोल्डर जोडताना आधी प्रतीवरच प्रयोग करा. मूळ फोल्डरला हात नको.

वऱ्हाडी_बाइट

अण्णा, रेंडर थ्रेड चार केले, ९० वर आलं. पेंटियम १६६ निवडला त आता सरळ १०० दाखवते. २०० चा हट्ट सोडला बावा.